निसर्ग वादळात पडलेला आंबा आणि त्याच्यावरची अळंबी – ओळखायला मदत हवी आहे

पोफळवाडी | २ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी झोपल्या, माड मोडले आणि विहिरीजवळचा रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला. पोफळी आणि माड जमेल तसे उचलले पण आंब्याचं खोड एवढं जाड की करवतवाला मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना, म्हणून ते राहिलं तसंच पडून. मी नोकरी संपवून पुढच्या वर्षी इथे कायमची राहायला आले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात त्या खोडावर काय काय उगवतं ते एका वहीत लिहून ठेवतेय, पण नावं माहीत नाहीत त्यामुळे वहीत सगळं "पांढरं केसाळ", "शेंदरी फळी" असंच आहे.

आता विचारायचं कारण म्हणजे आमचे दीर म्हणतायत की हे सगळं रोगट आहे, उरलेल्या पोफळींना लागेल, खोड जाळून टाका. मला जीवावर येतंय. सासूबाई (वय ८४) रोज संध्याकाळी त्याच खोडावर टेकतात, आणि खरं सांगायचं तर मला ती अळंबी बघायची सवय लागलीय. पण वाडीला खरंच धोका असेल तर जाळायलाच हवं. फोटो टाकतेय:

फोटो १ – पांढरी, केसाळ, नखाएवढी पंख्यासारखी. पहिल्या वर्षीपासून आहे. उन्हात आक्रसते, पाऊस पडला की परत उघडते.
फोटो २ – शेंदरी-लाल पातळ फळ्या. खोडाच्या ज्या बाजूला ऊन लागतं तिथेच.
फोटो ३ – काळे कुळकुळीत गोळे, सुपारीएवढे, कोळशासारखे.
फोटो ४ – वरून तपकिरी पट्ट्या-पट्ट्यांच्या पातळ फळ्या. मोबाइलमधल्या ॲपने "टर्की टेल" सांगितलं.
फोटो ५ – कान! अगदी माणसाच्या कानासारखं, थुलथुलीत.
फोटो ६ – गुलाबी गोळ्या, वाटाण्याहून लहान, काल रात्रीत उगवल्या.
फोटो ७ – ही आंब्यावर नाही. पलीकडे दहा फुटांवर मोडलेल्या माडाचा बुंधा जमिनीत तसाच राहिलाय, त्याच्या पायथ्याशी. तपकिरी-लाल, वरून व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत.

कोणी जाणकार असेल तर सांगा प्लीज.

पानगळ | २ जुलै, रात्री १०:४०

वा, काय धागा आहे! माहिती शून्य, पण वाचनखूण साठवली. फोटो ३ आमच्या सातारच्या शेतात पण बघितलंय, मी इतके दिवस कोणीतरी शेकोटी केली असेल असं समजत होतो.

साकव | २ जुलै, रात्री ११:०५

फोटो ७ म्हणजे रेशी मश्रूम ना? चायनीज औषधात वापरतात ते, किलोला हजारो रुपये भाव असतो म्हणे. जाळू बिळू नका ताई, विका.

देवराई | ३ जुलै, सकाळी ७:२०

पोफळवाडी ताई, आधी तुमच्या वहीचं मनापासून कौतुक. एकाच खोडाची इतक्या वर्षांची नोंद फार कमी लोकांकडे असते, ती वही जपून ठेवा.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि सह्याद्रीतली लाकडावरची बुरशी हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे. फोटोंवरून जमेल तेवढं सांगते, पण आधी एक तक्रार. तुम्ही सातही फोटो वरून काढलेत. लाकडावरची अळंबी वरून ओळखायला जाणं म्हणजे माणसाला टोपीवरून ओळखण्यासारखं आहे, तिचा चेहरा खाली असतो. खाली पापुद्र्यांची झालर आहे, की सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत, की मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं आहेत, की काहीच नाही गुळगुळीत आहे, ह्या एका गोष्टीवर अर्धी ओळख ठरते. तरी वरून पटणारी दोन-तीन आहेत ती सांगते.

फोटो १ – शिझोफायलम कम्यून. ह्याबद्दल शंका नाही पण तुम्ही स्वतः खात्री करा, एक तोडून उलटी करा आणि भिंगातून बघा. झालरीची प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली दिसेल, दोन पानं पाठीला पाठ लावून उभी असावीत तशी. कोरड पडली की ती चीर उघडते, दोन्ही कडा बाहेर वळतात आणि बीजाणू (म्हणजे बुरशीचं बी) तयार होणारा भाग झाकून घेतात, पाऊस आला की पुन्हा सरळ. तुम्ही जे आक्रसणं बघितलंत ते हेच. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर सापडते आणि मेलेल्या लाकडावर अगदी सुरुवातीला येणाऱ्यांतली आहे त्यामुळे तुमच्या वहीत ती पहिल्याच वर्षी असणं अगदी बरोबर. आणखी एक नवल म्हणजे आपल्याकडे नर-मादी अशा दोनच जाती, हिच्यात जोडी जुळण्याचे प्रकार २३ हजारांहून जास्त आहेत, म्हणजे वाऱ्यावर उडत आलेल्या जवळजवळ कुठल्याही दोघींचं जमतंच.

फोटो २ – पिक्नोपोरस सँग्विनियस. हल्लीचे लोक तिला ट्रामेटिस कुळात घालतात, पण जुन्या पुस्तकात पहिलंच नाव मिळेल. उघड्यावरचं, ऊन खाणारं लाकूड हिला आवडतं. ही सुद्धा उलटी करा, खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त लाल असेल आणि बारीक भोकं असतील. जुनी झाली की वरून फिकी पडत पांढरट होते, तेव्हा वेगळी समजून फसू नका.

फोटो ३ – डाल्डिनिया. सुरीने उभी कापा आणि आतला फोटो टाका, म्हणजे बाकीच्यांनाही बघायला मिळेल.

बाकीच्या अळंब्यांसाठी खालचा फोटो, कापलेल्या कडेचा फोटो आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो हवा. फोटो ७ चं मात्र लगेच टाका, तो मला काळजीचा वाटतोय.

पोफळवाडी | ३ जुलै, दुपारी १:३५

देवराई ताई खूप खूप धन्यवाद! लगेच जाऊन आले. भिंग नव्हतं पण इथल्या सोनारांनी त्यांचं डोळ्याला लावायचं दिलं, त्यातून बघितलं तर फोटो १ ची पट्टी खरंच मधोमध चिरलेली, सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या "हे तर पुस्तकाच्या पानांसारखं आहे".

काळा गोळा कापला. आत गोल गोल वलयं आहेत, एक काळपट एक चंदेरी, अगदी झाडाच्या खोडात असतात तशी! म्हणजे जेवढी वलयं तेवढी वर्षं का?

फोटो ४ – खालून चक्क षटकोनी घरं आहेत, नुसत्या डोळ्यांनी दिसतात.
फोटो ५ – खालून गुळगुळीत, किंचित जांभळट. वरून मखमलीसारखी लव.
फोटो ६ – बोटाने दाबली तर आतून गुलाबी पेस्ट बाहेर आली, टूथपेस्टसारखी. हे काय आहे?
फोटो ७ – खालून पांढरी, नखाने ओरखडा काढला तर तिथे तपकिरी झालं. आणि आजूबाजूच्या पानांवर, गवतावर सगळीकडे कोको पावडर टाकल्यासारखी तपकिरी पूड आहे.

देवराई | ३ जुलै, दुपारी ३:१०

डाल्डिनियाची वलयं वर्षांची नसतात. ती सगळी एकाच हंगामातली वाढ, थरावर थर. एक करून बघा, ताजा गोळा रात्री पांढऱ्या कागदावर ठेवा आणि सकाळी बघा. ही बुरशी बीजाणू रात्री उडवते, काळी पूड दिसेल. गोळ्यात स्वतःचं पाणी साठवलेलं असतं त्यामुळे खोडावरून काढल्यावर सुद्धा काही दिवस हे चालू राहतं.

फोटो ४ टर्की टेल नाही. टर्की टेलची, म्हणजे ट्रामेटिस व्हर्सिकलरची, खालची भोकं इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. षटकोनी आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारी घरं म्हणजे हेक्सागोनिया, पातळ असेल तर बहुतेक हेक्सागोनिया टेन्युइस. ॲपचा दोष नाही, त्याला तुम्ही टोपीच दाखवलीत. आपल्याकडे वरून पट्ट्यापट्ट्यांच्या दिसणाऱ्या निदान चार वेगवेगळ्या बुरश्या आहेत. खाली बारीक भोकं आणि बाजूने चिकटलेली असेल तर ट्रामेटिस, खाली काहीच नाही गुळगुळीत असेल तर स्टेरियम, मोठी षटकोनी घरं असतील तर हेक्सागोनिया, आणि पट्टेदार फनेलला खाली पिवळसर देठ असेल तर मायक्रोपोरस झँथोपस. शेवटची आंबोली, कोयना बाजूला जंगलात पडलेल्या बारीक फांद्यांवर भरपूर मिळते.

फोटो ५ ऑरिक्युलेरिया. चायनीज सूपमध्ये काळं लिबलिबीत असतं ते हिचंच भावंड.

फोटो ६ वर रात्री लिहिते, ती गंमत वेगळी आहे. पण ७ आधी. तपकिरी पूड, पांढरी खालची बाजू, ओरखडा काढल्यावर तपकिरी होणं, वरचा लाखेसारखा चकचकीतपणा, हे सगळं गॅनोडर्माकडे बोट दाखवतंय. ताई, त्या बुंध्याच्या जवळ किती जिवंत माड आणि पोफळी आहेत?

साकव | ३ जुलै, दुपारी ३:३२

गॅनोडर्मा म्हणजेच रेशी ना पण? मी बरोबर होतो की.

देवराई | ३ जुलै, दुपारी ४:०५

साकव, कुळ बरोबर आहे तुमचं. पण रेशीला लावतात ते गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव युरोपात सापडलेल्या नमुन्यावरून दिलेलं, चीनमध्ये जी औषधी म्हणून वाढवतात तिला २०१२ मध्ये वेगळं नाव मिळालं, गॅनोडर्मा लिंगझी. आपल्याकडच्या चकचकीत गॅनोडर्मांना सरसकट ल्युसिडम म्हणायची जुनी सवय आहे पण त्यात बऱ्याच वेगवेगळ्या जाती मिसळलेल्या आहेत आणि त्या सुट्या करायला सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचं दुपदरी कवच बघावं लागतं, हल्ली डीएनए सुद्धा. तेव्हा वाडीतली फळी तोडून रेशी म्हणून विकणं नको, घेणाऱ्याच्या पोटात काय जाईल सांगता येत नाही.

आणि वाडीवाल्यासाठी ती दौलत नाही, दुखणं आहे. माडाचा बुंधा कुजवणारा रोग आणि पोफळीचा बुंधा कुजवणारा रोग, दोन्ही गॅनोडर्मामुळे होतात. कर्नाटकात पोफळीच्या ह्या रोगाला नावच अणबे रोग आहे, अणबे म्हणजे कानडीत अळंबे.

पोफळवाडी | ३ जुलै, संध्याकाळी ६:५०

वाचून पोटात गोळा आला. बुंध्यापासून पंधरा फुटांत दोन माड आणि सात पोफळी आहेत. आत्ताच जाऊन बघितलं, एका माडाच्या खोडावर जमिनीपासून हातभर उंचीवर तांबूस तपकिरी डिंकासारखं काहीतरी गळलंय. खालच्या झावळ्या पण पिवळ्या पडून लोंबतायत, मी म्हणत होते खत कमी पडलं.

म्हणजे दीर बरोबर बोलत होते?

देवराई | ३ जुलै, संध्याकाळी ७:३०

अर्धे बरोबर. म्हणूनच ओळख पटवणं महत्त्वाचं, नाहीतर तुम्ही आंब्याचं खोड जाळलं असतंत आणि माडाचा बुंधा तिथेच ठेवला असतात.

आंब्यावरच्या शिझोफायलम, पिक्नोपोरस, डाल्डिनिया, हेक्सागोनिया, ऑरिक्युलेरिया ह्या सगळ्या मेलेलं लाकूड खाऊन राहणाऱ्या आहेत. त्या तुमच्या धडधाकट पोफळीच्या मागे लागणार नाहीत. गॅनोडर्मा मात्र जमिनीतून, मुळाला मूळ लागून पसरते, आणि मेलेला बुंधा ही तिची शिदोरी असते, त्यावर ती वर्षानुवर्षं टिकते आणि तिथून शेजारच्या झाडात जाते. डिंक गळणं आणि खालच्या झावळ्या लोंबणं ही तिची नेहमीची लक्षणं आहेत, पण माडाला डिंक दुसऱ्या रोगानेही गळतो, तेव्हा माझ्या शब्दावर झाड तोडू नका. श्रीवर्धनलाच कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तुमच्या दारात, उद्याच फळीचा तुकडा आणि फोटो घेऊन जा. तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम येऊन सडतो, वर्तमानपत्रात गुंडाळा.

आजीचा_बटवा | ३ जुलै, रात्री ९:१५

विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. आमच्या राजापूरकडे फणसाच्या जुन्या झाडावर लाकडासारखी टणक, गंजासारख्या रंगाची अळंबी यायची, तिला फणसांबा म्हणायचे. लहान मुलांच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली किंवा हिरड्या दुखायला लागल्या की आजी सहाणेवर पाण्यात उगाळून बोटाने लावायची, चंदनाच्या खोडाशेजारी तो तुकडा ठेवलेला असायचा, आणि कोणी बाळंतीण माहेरी आली की शेजारून मागणी यायची. ही कोणती?

देवराई | ३ जुलै, रात्री ९:५०

किती छान आठवण. फेलिनस कुळातली. पश्चिम महाराष्ट्रातल्या फणसांब्याच्या वापराची अभ्यासकांनी नोंदही केलेली आहे. ह्या कुळाची घरगुती परीक्षा म्हणजे आतला गर गंजकट तपकिरी, आणि त्यावर कॉस्टिक पोटॅशच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकला की काळा पडतो. (हे द्रावण हाताला भाजतं, लॅबमध्येच करा.) गॅनोडर्मा आणि फेलिनस दोन्ही टणक, दोन्ही तपकिरी म्हणून गल्लत होते, पण गॅनोडर्माची बीजाणूंची पूड कोकोसारखी, आणि फेलिनस सहसा व्हार्निशसारखी चमकत नाही.

आता फोटो ६. ती बुरशी नाहीच. लायकोगाला म्हणतात, स्लाइम मोल्ड. बुरशीशी दूरदूरचं नातं नाही, अमिबाच्या गोतावळ्यातली. लाकडाच्या आत चिखलासारखी सरपटत जंतू खात फिरते आणि बीजाणू करायची वेळ आली की बाहेर येऊन अशा गोळ्या होतात. आज गुलाबी पेस्ट आहे, तीन-चार दिवसांनी राखाडी होतील आणि दाबलं की धूर उडेल. रोज एक फोटो काढा.

हडसनकाठ | ४ जुलै, पहाटे ५:०२

अमेरिकेतून वाचतेय, इथे न्यू जर्सीत पडलेल्या ओकवर खरी टर्की टेल ढिगाने येते. दोन वर्षांपूर्वी भारतात आले होते तेव्हा इथलं फील्ड गाइड सोबत घेऊन भीमाशंकरला गेले आणि एकसुद्धा धड जुळेना, मला वाटलं माझीच नजर कच्ची. आता कळतंय की पुस्तकच दुसऱ्या जंगलाचं होतं. देवराई ताई, झाड कुठलं आहे ह्याने किती फरक पडतो? इथे तर पहिला प्रश्न तोच विचारतात, ओक की बर्च की पाइन.

देवराई | ४ जुलै, सकाळी ७:४५

खूप पडतो. पण आपल्याकडे पडलेल्या ओंडक्याचं झाड ओळखणंच अवघड, साल गेलेली, पानं नाहीत. म्हणून पोफळवाडी ताईंच्या खोडाची किंमत मोठी, आंबा आहे हे माहीत आहे, कधी पडला तो दिवस माहीत आहे. झाडाचं नाव कळलं नाही तर निदान लाकूड कसं कुजलंय ते लिहा. काही बुरश्या लाकडातलं लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य) खातात तेव्हा उरलेलं लाकूड पांढरट, दोऱ्यादोऱ्यांचं, कापसासारखं मऊ होतं. काही फक्त सेल्युलोज (लाकडातले तंतू) खातात तेव्हा ते तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं, जळक्या कोळशासारखं. आपल्या पानझडी आणि सदाहरित रानात बहुतांशी पांढरी कूजच दिसते.

पानगळ | ४ जुलै, सकाळी ९:३०

भीमाशंकरचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात तिथे रात्री लाकूड चमकतं ना? मी एकदा बघितलंय, टॉर्च बंद करून दहा मिनिटं थांबलो तेव्हा जमिनीवरच्या काटक्या हिरवट उजळलेल्या दिसायला लागल्या, अंगावर काटा आला होता. फोटोत दिसतं तेवढं प्रखर नसतं पण डोळे सरावले की विसरता येत नाही. गोव्यातही दिसतं असं ऐकलंय.

म्हादई | ४ जुलै, दुपारी १२:१५

हो, आमच्याकडे म्हादईच्या रानात बघितलेय मी, पाऊस मुरलेल्या कुजक्या लाकडावर. बुरशीच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचा मंद हिरवा उजेड होतो, आणि तो काजव्यासारखा उघडझाप करत नाही, अखंड असतो, दिवसा पण चालू असतो, फक्त दिसत नाही. मेघालयात मेलेल्या बांबूवर वाढणारी एक नवीन जात २०२० मध्ये नोंदली, रोरिडोमायसिस फायलोस्टॅकायडिस, तिचा फक्त देठ उजळतो, वरची छत्री नाही.

आणि एक विनंती, गोव्यातली रोंयणीची अळमी (वारुळावरची, लाकडावरची नव्हे) आधीच माणसांनी ओरबाडून कमी झालीय, आमचे बुरशीतज्ज्ञ नंदकुमार कामत सर त्याबद्दल सांगून थकले. चमकणारं लाकूड दिसलं तर घरी नेऊ नका, सुकलं की विझतं.

साकव | ४ जुलै, दुपारी २:४०

पोफळवाडी ताई, तो कान तरी खाता येईल ना? ऑरिक्युलेरिया तर हॉटेलात मिळते. आमच्याकडे असं म्हणतात की जमिनीवरची कुत्र्याची छत्री विषारी, लाकडावरची चालते. आणि शंका असेल तर चांदीचा चमचा घालून शिजवायची, काळा पडला तर टाकायची.

डॉ_रानवारा | ४ जुलै, दुपारी ३:२०

साकव, हे तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे माहीत आहे पण कृपया हे दोन्ही नियम विसरा, आणि कोणी सांगितले तर त्यांनाही थांबवा. मी फिजिशियन आहे. चांदीचा चमचा, लसणाची पाकळी, किडे खातात म्हणजे चालतं, ह्यातलं एकही खरं नाही. सर्वात घातक विष अमाटॉक्सिन, ते शिजवून नष्ट होत नाही आणि चांदीला त्याचा पत्ताही लागत नाही. लाकडावरची चालते हे पण खोटं, गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी अळंबी कुजक्या लाकडावरच येते आणि तिच्यात हेच विष असतं.

ह्या विषाचा सर्वात मोठा घात म्हणजे उशीर. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एक दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात पोट बिघडलं होतं सुधारलं, आणि आत यकृत संपत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात जंगली अळंबी खाऊन १३ जण गेले, बहुतेक चहामळ्यातली कुटुंबं.

माझ्याकडे स्वतःकडे काही वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं, चौघे. आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे अळंबी खाल्लीय हे कोणी विचारलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही, दोन दिवस त्यात गेले. तिघे वाचले. म्हणून सांगतो, रानातली अळंबी खाल्ल्यावर सहा तासांनंतर उलट्या सुरू झाल्या तर बरं वाटायची वाट बघू नका, मोठ्या हॉस्पिटलात जा, पहिल्या वाक्यात "अळंबी खाल्ली" हे सांगा, आणि उरलेली अळंबी, साली, भांड्यातला तुकडा काहीही असेल ते कागदात गुंडाळून सोबत न्या.

साकव | ४ जुलै, दुपारी ४:१०

डॉक्टर, मनापासून आभार. आईला फोन करून सांगितलं आत्ताच, तिलाही चमच्याचंच माहीत होतं.

देवराई | ४ जुलै, संध्याकाळी ५:३०

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी इतकी वर्षं हे करतेय पण फोटोवरून खायला चालेल असं कोणालाही कधीच सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. मणिपूरमध्ये शिझोफायलम कांगलायेन म्हणून आवडीने खातात, आपल्याकडेही आदिवासी पाड्यांवर लाकडावरच्या काही अळंब्या खातात, पण त्यांच्याकडे कुठल्या झाडावरची, कुठल्या नक्षत्रात, कोवळी की जून, हे पिढ्यांचं बघणं असतं, ते धाग्यावरून येत नाही. धिंगरी (ऑयस्टर मश्रूम) खायची असेल तर बाजारातून आणा.

पोफळवाडी | ५ जुलै, रात्री ८:२५

सगळ्यांचे आभार. सकाळी केंद्रात जाऊन आले. त्यांनी तुकडा बघून गॅनोडर्माच म्हटलं, आणि सांगितलं की बुंधा मुळांसकट खणून काढा आणि वाडीबाहेर जाळा, गळणाऱ्या माडाभोवती चर खणा म्हणजे मुळं शेजाऱ्याला लागणार नाहीत, त्या माडाचं पाणी पोफळींच्या आळ्यात वाहू देऊ नका, आणि निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घाला. माड वाचेल की नाही ते सहा महिन्यांत कळेल म्हणाले. मी त्यांना आंब्याच्या खोडाचे फोटोही दाखवले, ते म्हणाले ते राहू दे.

दिरांना सगळा धागा वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत पण उद्या दोन गडी घेऊन बुंधा काढायला येतायत.

काल रात्री डाल्डिनिया कागदावर ठेवली होती. सकाळी भोवती काळं कडं, काजळासारखं, बोट लावलं तर बोट काळं. फोटो टाकलाय. गुलाबी गोळ्या आज करड्या झाल्यात.

हडसनकाठ | ६ जुलै, पहाटे ४:४०

कागदाचा फोटो अप्रतिम आलाय. ताई, नमुने सुकवून ठेवा, तारीख-झाड-जागा लिहून. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचं मोठं हर्बेरियम (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) आहे ना, अजरेकरांच्या नावाचं?

देवराई | ६ जुलै, सकाळी ८:००

हो, अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम. तिथल्या कपाटात शंभर शंभर वर्षं टिकतील असे नमुने ठेवायचे तर पद्धत सोपी आहे, मंद उन्हात किंवा चुलीच्या वर दोरीला टांगून कडकडीत वाळवायचं, भाजायचं नाही, मग कागदी पाकिटात आणि वर नोंद. टणक जाती सहज टिकतात. ऑरिक्युलेरिया सुकून चिमटीएवढी होते पण पाण्यात टाकली की पुन्हा कान.

पोफळवाडी | १४ जुलै, रात्री ९:४०

उशिरा लिहितेय, पावसाने लाइट नव्हती. बुंधा काढला. आतून सगळा पांढरा, दोऱ्यादोऱ्यांचा, हाताने सुटत होता, देवराई ताईंनी सांगितलं तस्सा. मुळांचा पसारा चार फूट लांब गेला होता, एक मूळ पोफळीच्या अगदी जवळ. चर खणून झालाय.

आणि आंब्याच्या खोडावर नवीन काहीतरी आलंय, खालच्या अंगाला, जिथे लाकूड भुसभुशीत झालंय. तपकिरी इवल्या वाट्या, बाहेरून केसाळ, आतून गुळगुळीत राखाडी, आणि प्रत्येक वाटीत मसुरीच्या डाळीसारखे चार-पाच चपटे दाणे. ह्यावेळी वरून, बाजूने, कापून, नाण्यासकट सगळे फोटो काढलेत.

देवराई | १४ जुलै, रात्री १०:०५

सायाथस! पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसते म्हणून इंग्रजीत तिला घरट्याचंच नाव आहे. ते दाणे म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की पुडी उडते, कधी दोन-तीन फूट लांब, आणि तिला मागे एक चिकट दोरा असतो तो कुठल्यातरी काडीला गुंडाळतो. मोठ्या थेंबांचा पाऊस असेल तेव्हा छत्री घेऊन बसा, दिसेल.

पोफळवाडी | १६ जुलै, संध्याकाळी ७:१०

बसलो होतो. मी आणि सासूबाई, पडवीतून खुर्च्या नेऊन, एका छत्रीत. उडताना काही दिसलं नाही, फार पटकन होतं ते, पण अर्ध्या तासाने वाट्या मोजल्या तर सहा रिकाम्या होत्या. मग शोधाशोध केली तेव्हा एक दाणा सासूबाईंना सापडला, खोडापासून दीड हात लांब हळदीच्या पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेला. त्यांनी तो काढू दिला नाही.